सहकाऱ्यांमधूनच सुपरवायझर झालात तर: पहिल्या तीन महिन्यांचे नियोजन

गोव्यातील वेर्णा, कुंडई, पिसुर्ले किंवा तुये येथील औद्योगिक वसाहतींत, तसेच किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, सुपरवायझरची जागा रिकामी झाली की ती बहुधा त्याच विभागातल्या सर्वांत तयार माणसाला दिली जाते. यंत्र अडले की ज्याला हाक मारली जाते, ज्याच्या बॅच रेकॉर्डमध्ये खाडाखोड सापडत नाही, ज्याला स्टोअरपासून क्वालिटीपर्यंत सर्वजण ओळखतात, अशा माणसाला बढती मिळणे स्वाभाविकच आहे. पत्र हाती येते, पगार थोडा वाढतो, टोपीचा किंवा गणवेशाचा रंग बदलतो; मात्र काम नेमके काय बदलले हे त्याला कोणी समोर बसवून सांगत नाही. परिणामी तो जुनेच काम दुप्पट वेगाने करू लागतो आणि दोन-तीन महिन्यांत थकतो. त्याच्या हाताखालची माणसे मात्र होती तिथेच राहतात.

गूगलने २००८ साली ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ नावाचा अभ्यास हाती घेतला होता. चांगले व्यवस्थापक प्रत्यक्षात काय वेगळे करतात, हे कंपनीला स्वतःच्याच नोंदींमधून शोधायचे होते. त्यातून निघालेल्या आठ गोष्टींच्या यादीत माणसांना घडवणे पहिले होते आणि तांत्रिक कौशल्य शेवटचे. तांत्रिक ज्ञान निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही, कारण ते यादीत होतेच. परंतु ज्या गुणामुळे बढती मिळाली, तो नव्या जागेवर सर्वांत कमी उपयोगी पडणार आहे, हे आधीच ठाऊक असलेले बरे. म्हणून माझा आग्रह असा की पहिले तीन महिने स्वतःला सिद्ध करण्यात घालवू नयेत. आपल्या हातातली कामे एकेक करून इतरांच्या हातात नीट पोचवण्यासाठी ते राखून ठेवावेत. पुढचा क्रम त्याच हेतूने आखला आहे.

पहिली पायरी: अधिकार लेखी स्पष्ट करून घेणे

कामाला लागण्यापूर्वी आपल्या वरिष्ठांकडे अर्धा तास मागावा आणि काही प्रश्न थेट विचारावेत. तीन महिन्यांनी माझे काम चांगले झाले हे तुम्ही कोणत्या दोन-तीन गोष्टींवरून ठरवाल? रजा मंजूर करण्याचा अंतिम शब्द माझा की तुमचा? दर्जात शंका आली तर लाइन थांबवण्याचा निर्णय मी एकट्याने घेऊ शकतो का? ओव्हरटाइमला माणसे थांबवायची असतील तर कोणाला विचारायचे? कंत्राटी कामगार बदलून हवा असेल तर ठेकेदाराशी मी बोलायचे की एचआरने?

हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण सुपरवायझरची पत याच ठिकाणी जाते. तुम्ही एखाद्याची रजा नाकारली आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी ती परस्पर मंजूर केली, तर त्यानंतर कोणीही तुमच्याकडे अर्ज घेऊन येणार नाही. बैठक संपल्यावर त्याच दिवशी चार ओळींचा मेल पाठवावा: आपले असे ठरले, काही चुकले असल्यास कळवावे. या मेलची एक प्रत जपून ठेवावी, कारण तीन महिन्यांनी ती पुन्हा लागणार आहे.

दुसरी पायरी: प्रत्येकाला स्वतंत्र भेटणे

पहिल्या आठवड्यात विभागातल्या प्रत्येक माणसाशी वेगळे बोलावे. दोन्ही शिफ्ट आणि रात्रपाळीसुद्धा यात आली. रात्रपाळीच्या लोकांशी बोलण्यासाठी आपण एक दिवस रात्री थांबावे, त्यांना सकाळी थांबवून ठेवू नये, कारण त्यांची बस चुकते.

या भेटींचा क्रम महत्त्वाचा आहे. ज्या सहकाऱ्याला ही जागा आपल्याला मिळावी असे वाटत होते, त्याला सर्वांत आधी भेटावे. असा एक तरी माणूस प्रत्येक विभागात असतो, आणि त्याला टाळले की तो दुखावल्याची चर्चा कँटीनमध्ये आधी पोचते. त्याच्यापाशी सांत्वनाची भाषा नको आणि ‘माझ्या हातात काही नव्हते’ हेही नको. सरळ बोलावे: “तुलाही ही जागा हवी होती हे मला माहीत आहे. तुझे वाईट वाटणे मी समजू शकतो. सीलिंगच्या कामात तुझ्याइतकी जाण मला नाही, तेव्हा त्या कामाची जबाबदारी तुझ्याकडे असावी असे मला वाटते. विचार करून पुढच्या आठवड्यात सांग.” त्यानंतर खरोखरच एक आठवडा थांबावे. त्याने लगेच होकार द्यावा अशी अपेक्षा धरू नये.

इतरांशी बोलताना तीन गोष्टी विचाराव्यात: सध्या कामात सर्वांत जास्त अडथळा कशाचा होतो, पूर्वीच्या सुपरवायझरची कोणती पद्धत चालू ठेवावी, आणि येत्या वर्षभरात स्वतःला काय शिकायचे आहे. उत्तरे वहीत लिहून घ्यावीत आणि त्या वेळी कोणतेही आश्वासन देऊ नये. मात्र आलेल्या अडथळ्यांपैकी एक छोटा, आपल्या अधिकारातला अडथळा पंधरा दिवसांच्या आत दूर करावा. पॅकिंग हॉलमधला बिघडलेला पंखा किंवा टूल ट्रॉलीवर कायम नसलेला पाना एवढी साधी गोष्टही पुरते. सांगितल्याने काहीतरी होते, हा अनुभव माणसांना लवकर यायला हवा.

संबोधनाचा प्रश्न आपल्याकडे विशेष नाजूक असतो. कालपर्यंत ज्याला ‘अरे’ म्हणत होतो त्याला आज एकाएकी ‘तुम्ही’ म्हणू लागलो तर ते परकेपणाचे वाटते, म्हणून बरोबरीच्यांशी जुने संबोधन तसेच चालू ठेवावे. वयाने मोठे असलेले जुने ऑपरेटर ज्यांना आपण ‘बाब’ म्हणत आलो, त्यांना बढतीनंतरही ‘बाब’च म्हणावे. हा मान राखल्याने सूचना देणे अवघड होत नाही. उलट ती ऐकली जाते.

भाषेबद्दलही एक सूचना आवश्यक आहे. गोव्यातल्या कारखान्यात कार्यपद्धतीची कागदपत्रे इंग्रजीत असतात, शिफ्टच्या सूचना हिंदीत होतात, गप्पा कोकणीत किंवा मराठीत चालतात, आणि बरेच कामगार घरी कन्नड, ओडिया किंवा हिंदी बोलतात. अशा ठिकाणी माणसे समजल्यासारखी मान हलवतात, पण ती समजल्याची खूण मानता येत नाही. सूचना दिल्यानंतर “आता तू पहिले काय करशील, सांग पाहू” असे विचारण्याची सवय लावून घ्यावी. ही परीक्षा वाटू नये म्हणून “मी नीट सांगितले का ते मला बघायचे आहे” असे जोडावे, आणि ते खरेही असते.

तिसरी पायरी: हातातले काम सोडणे

बहुतेकांची गाडी इथेच अडते, म्हणून या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. एका कागदावर आपण आठवडाभरात स्वतः केलेली सर्व कामे लिहावीत. प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहावा: हे काम माझ्याशिवाय कोणी करू शकले नाही तर त्याचे कारण अधिकार आहे की सवय? अधिकाराची कामे आपल्याकडे राहतील. सवयीची कामे तीन महिन्यांत एकेक करून द्यायची आहेत, आणि एका वेळी एकच काम एका माणसाला द्यायचे आहे.

उदाहरण म्हणून औषध कारखान्यातल्या ब्लिस्टर पॅकिंग लाइनवरचा (गोळ्या फॉइलच्या पाकिटांत बंद करणाऱ्या लाइनवरचा) चेंजओव्हर घेऊ. एका औषधाची बॅच संपून दुसरी सुरू होताना आधीच्या बॅचच्या गोळ्या, फॉइल, कार्टन आणि माहितीपत्रके लाइनवरून पूर्णपणे काढावी लागतात, यंत्राचे साचे बदलावे लागतात, बॅच नंबर व मुदतीची छपाई नव्याने लावावी लागते, कॅमेरा सदोष पाकीट पकडतो की नाही हे तपासावे लागते, आणि क्वालिटी विभागाची लाइन क्लिअरन्स, म्हणजे आधीच्या बॅचचे काही उरले नसल्याची मंजुरी, मिळाल्यावरच यंत्र चालू करता येते. आधीच्या औषधाची एक गोळी जरी यंत्राखाली राहिली तरी ती चुकीच्या पाकिटात जाऊन रुग्णापर्यंत पोचू शकते. इतके जोखमीचे काम असल्यामुळे अनुभवी माणूस ते दुसऱ्याला देण्यास धजावत नाही, आणि बढती मिळाल्यानंतरही पाना हातात घेऊन स्वतःच यंत्रापाशी उभा राहतो.

हे काम एखाद्या तरुण ऑपरेटरला चार टप्प्यांत देता येते. पहिल्या चेंजओव्हरला काम तुम्ही करा. त्याने शेजारी उभे राहून क्रम स्वतःच्या शब्दांत लिहावा आणि शेवटी तो तुम्ही मंजूर कार्यपद्धतीशी ताडून पाहावा. दुसऱ्या वेळी काम त्याने करावे आणि तुम्ही फक्त पाहावे. तिसऱ्या वेळी तुम्ही हॉलच्या दुसऱ्या टोकाला असावे, आणि प्रत्येक मुख्य टप्प्यानंतर त्याने येऊन सांगावे. चौथ्या वेळी नियोजनापासून सर्व त्याचे, तुम्हाला फक्त शेवटचा अहवाल. कोणत्याही टप्प्यावर क्वालिटीची तपासणी मात्र टळत नाही, कमीही होत नाही. ती तुमच्या वेळी जशी होती तशीच त्याच्या वेळीही व्हायला हवी. तपासणीची चौकट अशी पक्की असली की नवशिक्याच्या हाती काम देणे बेजबाबदारपणाचे ठरत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात कसोटी लागते ती तुमची. साचा नीट बसत नाही, यंत्र सुरू होत नाही, प्लॅनिंगचा फोन येतो, आणि पाना त्याच्या हातातून घेण्याचा मोह अनावर होतो. तो टाळण्यासाठी मर्यादा आधीच सांगून ठेवावी: “पंधरा मिनिटांत लाइन सुरू झाली नाही तर मला बोलाव. तोपर्यंत मी येणार नाही.” बोलावल्यानंतरही उत्तर देण्याआधी विचारावे की त्याने आतापर्यंत काय तपासले, काय वगळले आणि आता त्याचा अंदाज काय आहे. अंदाज बरोबर असेल तर एवढेच म्हणावे, “करून बघ.” सुरुवातीचे काही चेंजओव्हर नेहमीपेक्षा लांबतील. हा वाढीव वेळ वरिष्ठांना आधीच सांगून घ्यावा, कारण पूर्वसूचना न दिलेला उशीर अकार्यक्षमता म्हणून मोजला जातो.

चौथी पायरी: आठवड्याचा ठरलेला संवाद

प्रत्येक सहकाऱ्याशी आठवड्यातून एकदा वीस मिनिटे ठरलेल्या वेळी बोलावे. विभाग मोठा असेल तर पंधरवड्यातून एकदा चालेल, पण ठरलेला वार मोडू नये. दोनदा रद्द झालेली भेट तिसऱ्यांदा कोणी गंभीरपणे घेत नाही. आधी त्याला बोलू द्यावे, नंतर आपले मुद्दे, आणि शेवटची पाच मिनिटे त्याने सांगितलेल्या शिकण्याच्या विषयासाठी. शिफ्टच्या सुरुवातीची दहा मिनिटांची उभ्या उभ्या होणारी बैठक वेगळी. तिथे फक्त आजचे उद्दिष्ट, सुरक्षेची सूचना आणि आधीच्या शिफ्टमधून आलेली अडचण एवढेच बोलावे. कोणाची वैयक्तिक चूक तिथे काढू नये.

चूक दाखवण्याची जागा आठवड्याची भेट, किंवा घटना ताजी असेल तर त्याच दिवशी बाजूला घेऊन. बोलताना घटना, कृती आणि परिणाम या तीनच गोष्टी सांगाव्यात आणि स्वभावावर बोलू नये. ‘तू निष्काळजी आहेस’ या वाक्याला उत्तर नसते. माणूस एकतर गप्प बसतो किंवा भांडतो. त्याऐवजी असे म्हणता येईल: “सोमवारी दुसऱ्या शिफ्टच्या हँडओव्हर रजिस्टरमध्ये सीलिंगचे तापमान कमी-जास्त होत असल्याची नोंद नव्हती. त्यामुळे रात्रपाळीला यंत्र पुन्हा लावून घ्यावे लागले. काय झाले होते?” शेवटचा प्रश्न मनापासून विचारावा. कदाचित बस पकडण्यासाठी तो धावला असेल, आणि मग हँडओव्हर शेवटच्या पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटे आधी सुरू करणे हा उपाय निघेल, जो संपूर्ण शिफ्टला लागू पडेल.

चांगल्या कामाची दखलही इतक्याच नेमकेपणाने घ्यावी. “छान काम केलेस” यापेक्षा “छपाईतला अस्पष्ट अंक तू पहिल्याच पाकिटावर पकडलास, त्यामुळे पुढचा माल वाचला” हे वाक्य ऐकणाऱ्याच्या अधिक उपयोगी पडते, कारण पुन्हा काय करायचे ते त्याला कळते.

पाचवी पायरी: चूक सांगणाऱ्याला सुरक्षित ठेवणे

हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधविषयक चुकांचा अभ्यास केला, तेव्हा एकमेकांशी चांगले संबंध असलेल्या गटांत चुकांची नोंद अधिक आढळली. त्यातून त्यांनी मांडलेले स्पष्टीकरण असे की या गटांत चुका जास्त घडत नव्हत्या. तिथली माणसे त्या न घाबरता बोलून दाखवत होती. औषध कारखान्यातल्या सुपरवायझरने हे मनावर कोरून ठेवावे. ज्या विभागात कित्येक महिने एकही डेविएशन, म्हणजे ठरलेल्या कार्यपद्धतीपासून झालेली तफावत, नोंदले जात नाही, तिथे सर्व आलबेल आहे असे मानण्यापूर्वी लोक काय लपवत आहेत हे पाहिले पाहिजे.

कोणी येऊन “माझ्याकडून चूक झाली” असे सांगितले तर तुमचे पहिले वाक्य ठरलेले असू द्या: “सांगितलेस ते बरे केलेस.” त्यानंतर माल थांबवणे, क्वालिटीला कळवणे आणि नोंद करणे, याच क्रमाने पुढे जावे. कारणे शोधण्याचे काम त्यानंतर. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी रुजवलेली ‘पाच वेळा का’ विचारण्याची पद्धत इथे उपयोगी आहे, मात्र प्रत्येक ‘का’ कार्यपद्धतीला विचारावा. ‘ऑपरेटरचे लक्ष नव्हते’ या उत्तरावर जी चौकशी थांबते, ती पुढच्या वेळी तीच चूक पुन्हा घडू देते.

सहावी पायरी: चवथ आणि नाताळाच्या रजा

गोव्यातल्या सुपरवायझरची निष्पक्षता वर्षातून दोनदा उघड्यावर येते. चवथीला हिंदू सहकाऱ्यांना गावच्या मूळ घरी जायचे असते, कोणाचा गणपती दीड दिवसाचा, कोणाचा पाच किंवा सात दिवसांचा, आणि माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचे) सामान बांधण्यापासून विसर्जनापर्यंत घरात माणूस लागतो. ख्रिस्ती सहकाऱ्यांना ३ डिसेंबरला जुने गोवे येथील सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला (सणाला) आणि पुढे नाताळात तितकीच निकड असते. एकमेकांच्या सणात काम सांभाळण्याची रीत आपल्याकडे आहे, पण ती माणसांच्या चांगुलपणावर सोडून देऊ नये, तिला नियमाचा आधार द्यावा.

सणाच्या दोन महिने आधी प्रत्येकाकडून पसंतीच्या तारखा, प्राधान्यक्रमासह, लेखी घ्याव्यात. किमान किती माणसे हवीत हे आधी जाहीर करावे. गेल्या वर्षी कोणाला सवलत मिळाली होती याची नोंद उघडी ठेवावी आणि या वर्षी उरलेल्यांना प्राधान्य द्यावे. घरी सण नसलेल्या, बाहेरच्या राज्यातून आलेल्या कामगारांना गृहीत धरून सगळ्या पाळ्या त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे आहे. त्यांना त्यांच्या गावी जाण्याच्या काळात सलग रजा मिळेल हे त्याच तक्त्यात लिहून द्यावे. हॉटेलात नाताळ आणि नववर्ष हाच ऐन हंगाम असल्यामुळे तिथे हे काम सप्टेंबरमध्येच उरकावे लागते. तक्ता सूचना फलकावर लागल्यानंतर बदल फक्त दोघांच्या परस्पर संमतीने आणि तुमच्या सहीने व्हावा. मित्रासाठी केलेला एक गुपचूप बदल वर्षभराच्या कष्टावर पाणी फिरवतो.

सातवी पायरी: जे आपण मिटवायचे नाही ते ओळखणे

नव्या सुपरवायझरला सर्व काही विभागातच मिटवावेसे वाटते. काही गोष्टींत तसे करण्याचा अधिकार त्याला नाही. एखाद्या सहकारी महिलेने लैंगिक छळाची गोष्ट सांगितली तर समेट घडवण्याच्या फंदात पडू नये. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी करायची असते, आणि ती लिहिण्यासाठी तिला मदत मागण्याचा हक्क आहे. तिला ही माहिती द्यावी आणि ऐकलेले इतर कोणाकडे बोलू नये. अपघात कितीही छोटा असला तरी तो नोंदवावा. ओव्हरटाइम दुप्पट दराने देय असतो, तेव्हा ‘आजचा वेळ नंतर सुट्टीत वळता करू’ असा तोंडी सौदा कोणाशीही करू नये.

आठवी पायरी: स्वतःसाठी वेळ आणि जुनी मैत्री

शुक्रवारी अर्धा तास दार बंद करून आठवड्यातले दोन-तीन निर्णय वहीत लिहावेत: काय ठरवले, त्या वेळी कोणती माहिती होती, काय होईल असे वाटले. महिन्याभराने तीच पाने वाचली की आपला अंदाज कुठे सातत्याने चुकतो ते दिसते. कोणत्याही प्रशिक्षण वर्गापेक्षा ही वही अधिक शिकवते असे माझे मत आहे.

मैत्रीबाबत विचारणा नेहमी होते. जुन्या मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर पडावे का? माझ्या मते पडू नये. पण तिथे एकदा स्पष्ट लिहावे की कामाचे आणि गैरहजर सहकाऱ्यांचे विषय यापुढे मी या ग्रुपवर बोलणार नाही. दुपारचा डबा पूर्वीसारखाच सर्वांबरोबर खावा, मात्र रोज त्याच चौघांबरोबर नको.

नववी पायरी: तीन महिन्यांनंतरची तपासणी

पहिल्या पायरीवरचा मेल घेऊन वरिष्ठांसमोर पुन्हा बसावे आणि त्यात लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचे मत मागावे. त्यानंतर सलग दोन दिवस रजा घ्यावी, शक्यतो नेहमीच्या कामाच्या आठवड्यात. जाताना तुमच्या जागी कोण निर्णय घेईल हे जाहीर करावे आणि फोन चालू ठेवावा. आलेला प्रत्येक फोन वहीत टिपावा: कोणी केला, कशासाठी केला, आणि तो निर्णय त्याला स्वतः घेता येण्यासाठी माहिती कमी पडली, अधिकार कमी पडला की धीर. माहिती कमी पडली असेल तर ती लिहून लाइनवर लावावी, अधिकार कमी पडला असेल तर तो वरिष्ठांकडून मागून द्यावा, आणि धीर कमी पडला असेल तर पुढच्या आठवड्याच्या वीस मिनिटांत सर्वांत आधी त्या माणसाशी बोलावे. पुढच्या तीन महिन्यांत कोणाला कोणते काम द्यायचे, याची यादी या टिपणांतूनच तयार होते.